रागाविना दिवस

६ जानेवारी २०२५, सोमवार

ही वही इंदुताईंनी दिली. दहावीनंतर मी प्रॉडक्शन रिपोर्ट सोडून काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराबद्दल कोणी बोलू नये. इंदुताई म्हणजे कंपनीने नेमलेल्या समुपदेशक. महिन्यातून दोनदा येतात, कँटीनमागच्या खोलीत बसतात आणि एक प्रश्न विचारून इतका वेळ गप्प राहतात की माणसाला घाम फुटावा. म्हणाल्या, "जयदीप, डोक्यात काही पेटलं की लिहा. रोज नाही लिहिलं तरी चालेल. खोटं लिहिलं तर मला काही फरक पडत नाही, वही तुमचीच आहे."

खरं लिहायचं तर आधी २७ डिसेंबर लिहिलं पाहिजे. त्या दिवशी मी बन्सीला मारलं. बन्सी आमच्या प्रेस शॉपमधला कंत्राटी ऑपरेटर, हिंगोलीकडचा, माझ्याच वयाचा. मी लाइन लीडर. त्याने पत्र्याचे चाळीस ब्रॅकेट प्रेसमध्ये उलटे लावून ठोकले, सगळे भंगारात गेले. मी विचारलं तर त्याने खांदे उडवले. पहिली बुक्की जबड्यावर बसली, दुसरी कानावर, आणि तो ट्रॉलीवर आडवा झाला तेव्हा एक लाथही घातली. चौघांनी मिळून मला मागे ओढलं. त्याच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं आणि तो ते हातमोज्याने पुसत होता.

मारताना बरं वाटलं. सकाळपासून छातीत काहीतरी दाटून बसलेलं असतं, ते मोकळं होतं. हे मी इंदुताईंना सांगितलं नाही.

तीन दिवस घरी बसवलं आणि शेवटची नोटीस हातात दिली. आता हात उचलला तर थेट गेट. पुनमनेही त्याच दिवशी तिची नोटीस दिली, तिला तर निमित्तच हवं होतं. भाजी निवडता निवडता, वर न बघता म्हणाली, "अहो, आता परत माझ्यावर किंवा आरोहीवर हात पडला तर मी दिघीला सुरजकडे जाईन. आणि मग परत यायचं नाही." सुरज माझा मेहुणा. पुनम असं कधी बोलत नाही. म्हणून मी घाबरलो.

इंदुताईंनी विचारलंच, घरी कोणाला मारता का? म्हटलं, नाही. नवराबायकोत कधी एखादी चापट होते, त्याला कोणी मारणं म्हणत नाही.

८ जानेवारी, बुधवार

आज डोकं चाललं. आमच्या गेटवर मोठा फलक आहे, "अपघाताविना दिवस". खाली आकडा. आज २१२ होता. आत जाताना प्रत्येकाची नजर त्यावर जाते आणि माणूस आपोआप जपून वागतो. मग घरी का नको?

चाकणच्या दुकानातून पांढरा बोर्ड आणला आणि हॉलमध्ये फ्रिजच्या वर ठोकला. वर लिहिलं, "रागाविना दिवस". आरोहीला बोलावलं. ती चौथीत आहे, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. तिला सांगितलं, आकडा तूच बदलायचा, दुसऱ्या कोणाला अधिकार नाही, मलासुद्धा नाही. तिने मोठं शून्य काढलं आणि त्याला दोन डोळे आणि तोंड काढलं. मी डोळे पुसायला लावले. बोर्ड हा गंभीर असतो.

पुनम दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "कशाला राग धरायचं? ओरडलात तर?"

मी समजावलं. कंपनीत कोणाला लागलं तरच आकडा शून्यावर येतो. पत्रा निसटला पण कोणाला लागला नाही, तर त्याला 'थोडक्यात हुकलं' म्हणतात. त्याची वेगळी नोंद होते, आकडा तसाच राहतो.

"म्हणजे ताट फेकलं तर?"

"कोणाला लागलं का?"

"नाही."

"मग थोडक्यात हुकलं."

ती आत गेली. तिला अशा पद्धतशीर गोष्टींची आवड नाही.

१३ जानेवारी, सोमवार

पाच. पाच दिवसांत मी काय काय केलं ते लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. पाचला उठलो. देहू-आळंदी रस्त्यापर्यंत चालून आलो. तंबाखू बंद. चहा दोनदाच. राग आला की चार आकडे मोजत श्वास आत, चार मोजत बाहेर. तंबाखू सोडल्यापासून दाढा ठणकतात आणि कोणाचाही आवाज सहन होत नाही, पण ते चालायचंच.

घरातल्यांनाही शिस्त लावली. पाचला पुनमनेही उठायचं. टीव्ही बंद. आरोहीने जेवताना बोलायचं नाही, कारण मला शांतता लागते. घर किती शांत झालंय. खाली राहणारे अण्णासाहेब परवा म्हणाले, "जयदीपराव, हल्ली तुमच्या घरातून आवाजच येत नाही." मला बरं वाटलं.

१६ जानेवारी, गुरुवार

संक्रांतीला पुनम आणि आरोही दोन दिवस दिघीला गेल्या होत्या. आज परत आल्या आल्या आरोहीने स्टूल ओढलं आणि पाच पुसून आठ लिहायला लागली.

मी थांबवलं. म्हटलं, हे दोन दिवस धरायचे नाहीत. कंपनीत लाइन बंद असते त्या दिवशी आकडा वाढत नाही. रविवार धरत नाहीत, दिवाळीची सुट्टी धरत नाहीत. मशीन बंद असताना कोणाचा हात कापला नाही, यात कसला मोठेपणा? आणि तुम्ही दोघी घरात नसताना मी कोणाला मारलं नाही, यात कसला?

तिने नीट ऐकून घेतलं. "म्हणजे आम्ही असलो तरच मोजायचं?"

"तरच."

तिने आजचा सहा लिहिला. पोरगी हुशार आहे, एकदा सांगितलेलं विसरत नाही.

१८ जानेवारी, शनिवार

चाकणच्या चौकात नेहमीचा गोंधळ. सकाळच्या शिफ्टची सगळी वाहनं, त्यात कंटेनर आडवा. एका काळ्या गाडीवाल्याने माझ्या दुचाकीचा आरसा उडवला आणि वर काच खाली करून मलाच शिवी दिली. मी चार मोजले. श्वास आत घेतला. मग त्याची चावी काढली, दार उघडलं आणि त्याला कॉलर धरून खाली घेतला. तो माझ्यापेक्षा धिप्पाड होता. त्याने डोक्याने नाकावर धडक मारली, मी त्याचं तोंड बॉनेटवर आपटलं, दोनदा. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, भांडण सोडवायला नाही, रस्ता मोकळा व्हावा म्हणून. शेवटी एका रिक्षावाल्याने आम्हाला वेगळं केलं. "भावा, सोड, तो मरंल आन् तू आत जाशील."

संध्याकाळी घरी आलो तर शर्टावर रक्त, काही माझं, काही त्याचं. आरोही खडू घेऊन उभी राहावी तशी मार्कर घेऊन उभी.

"पप्पा, किती?"

"आठ लिही. बोर्ड घरचा आहे."

तिने आठ लिहिले. मग स्टूल जागेवर ठेवून आईच्या मागे जाऊन बसली. पुनमने शर्ट थंड पाण्यात भिजत घातला. एक शब्द बोलली नाही. पूर्वी बोलली असती आणि मग वाढलं असतं. दोघंही सुधारतोय.

२५ जानेवारी, शनिवार

आज एक गोष्ट कळली आणि मला भरून आलं.

कपाटात बूट शोधताना जुन्या चादरीत गुंडाळलेला माझा जेवणाचा डबा सापडला. झाकण वाकडं, एक कडी तुटलेली. आरोहीकडून जिन्यावर पडला होता, आठ दिवसांपूर्वी. आठ दिवस मी दुसऱ्या डब्यात जेवतोय आणि मला सांगितलं की तो कल्हईला दिलाय. स्टीलच्या डब्याला कल्हई! मीही बावळट, विश्वास ठेवला.

पुनमला विचारलं, लपवलं का? ती म्हणाली, "आकडा मोडायला नको म्हणून." आरोहीचा शाळेतून आलेला शेरा, गॅसची जळलेली नळी, सगळंच त्या दोघी जपून लपवत होत्या. माझ्या आकड्यासाठी! कंपनीत यालाच सांघिक भावना म्हणतात, आणि ती आणायला तिथे ट्रेनिंग द्यावं लागतं.

मात्र खोटं बोलल्याचा राग आला तो आलाच. मी पुनमला बाजूला सारलं तेव्हा ती फ्रिजवर आदळली. सारलं म्हणजे दंडाला धरून. बोर्ड हलला, पडला नाही. तिचा ओठ दातात सापडून फुटला. मी लगेच पाणी दिलं आणि बराच वेळ विचार केला. हात उचलला नव्हता. ढकलणं हे मारणं नव्हे. आरोहीने विचारलंच नाही, आपणहून पंधरा लिहिले.

३ फेब्रुवारी, सोमवार

हात धुतले तरी वास जात नाही.

प्रेसचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. ऑपरेटरपुढे दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा साचा खाली येतो. म्हणजे दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय प्रेस पडतच नाही. पण एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं की एक हात मोकळा राहतो आणि माल दीडपट निघतो. सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही.

आज दुपारपर्यंत गाडी भरायची होती. बन्सी सावकाश चालवत होता. मी जाऊन उभा राहिलो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, दोन्ही बटणं दाबून इतकेच निघायलेत." मी काही बोललो नाही. खिशातून चिकटपट्टीचं रीळ काढलं, त्याच्यापुढे ठेवलं आणि तिथेच हाताची घडी घालून उभा राहिलो. ओरडलो नाही. श्वास मोजत होतो. इंदुताईंना अभिमान वाटला असता.

त्याने पट्टी लावली. तो सारखा माझ्या हातांकडे बघत होता. साच्याकडे बघायचं सोडून माझ्या हातांकडे. दहाव्या की अकराव्या ठोक्याला उजवा हात आत राहिला.

तो आवाज पत्र्याचा नव्हता, मला लगेच कळलं. साचा वर गेला आणि बन्सीचा हात तसाच आत होता. तो ओरडलाच नाही. ओरडला तो शेजारचा. तर्जनी आणि मधलं बोट, दुसऱ्या पेरापासून पुढे सपाट झालेली, हाड आणि हातमोजा एक झालेला. त्याने हात ओढला तेव्हा दोन तुकडे साच्यातच राहिले. मीच ते ब्रॅकेट काढायच्या चिमट्याने काढले आणि पिशवीत घातले. मग तो ट्रॉलीला धरून खाली बसला.

अर्जुनराव, आमचे शॉप मॅनेजर, पळत आले. आधी पट्टी उपटून खिशात घातली, मग बन्सीकडे पाहिलं. "जयदीप, गाडीत घाल ह्याला. रुग्णवाहिका नको, गेटवर नोंद होते. अडीचशेला मोठे साहेब येणारेत." गेटवर आज २३४ होते.

एका लहान खाजगी दवाखान्यात नेलं. तिथे मी बन्सीच्या बायकोला आणून सोडलं आणि घरी आलो. फोनवर बन्सीला समजावून सांगितलं. "कोणी विचारलं तर घरी दरवाज्यात सापडली म्हणायचं. वाऱ्याने लागला, लक्ष नव्हतं. एवढंच. जास्त बोलायचं नाही, जास्त बोललं की फसतं." त्याच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. पुनम पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं मधेच थांबलं होतं.

घरचा आकडा चोवीस.

५ फेब्रुवारी, बुधवार

झोप नाही. मधूनच तो आवाज येतो. पण मी मारलेलं नाही. हात लावला नाही, ओरडलोही नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

इंदुताईंना मोबाइलवर बोर्डाचा फोटो दाखवला. पस्तीस. वाटलं, शाबासकी देतील.

त्या फोटो मोठा करून बघत राहिल्या. "आकडा कोण लिहितं?"

"आरोही. माझी मुलगी."

"तिला शून्य लिहावंसं वाटलं, तर ती लिहू शकेल?"

"तशी वेळच आली नाही."

"मी ते नाही विचारलं, जयदीप."

मी घड्याळ बघत होतो. बाईंना चांगलं बघवत नाही, असं मनात आलं. बाहेर पडल्यावर बराच वेळ डोकं तापलेलं होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

कालचं आज लिहितोय. सगळं लिहिणार आहे.

काल गेटवर अडीचशे लागले. मोठे साहेब आले, फुगे लावले, पेढे वाटले. आमच्या लाइनला प्रमाणपत्र मिळालं आणि ते मला पुढे बोलावून दिलं. बन्सीला मागच्या रांगेत उभं केलं होतं, हात खिशात घालून. सगळे टाळ्या वाजवत होते. त्याला वाजवता येईनात, म्हणून तो डाव्या हाताने मांडीवर थापट्या मारत होता. मी ते पाहिलं आणि नजर फिरवली.

चारला घरी आलो. पेढ्यांचा पुडा पुनमपुढे धरला. तिने घेतला नाही.

"बन्सीभाऊंच्या बायकोचा फोन आला होता. त्यांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत, ती रडत होती. आणि तुम्ही त्याचे पेढे आणलेत?"

मी म्हटलं, कंपनीचं कंपनीत. आपल्या घरात बघ, त्रेचाळीस दिवस झाले.

पुनम हसली. पंधरा वर्षांत ती माझ्यावर अशी कधी हसली नव्हती. तिने पदर हातात घेतला, फ्रिजजवळ गेली, टाचा उंच केल्या आणि त्रेचाळीस पुसून टाकले. "हे बघा तुमचे दिवस," म्हणाली.

मी चार मोजले नाहीत. एकसुद्धा मोजला नाही. तिचं मनगट धरलं, ओढत ओट्यापर्यंत नेलं आणि कडेवर दाबून उलट पिरगाळलं. ती म्हणत होती, "अहो सोडा, अहो." मी तोंडाने काय बोलत होतो ते आठवत नाही. मग आवाज आला. ओळखीचा. तीन तारखेचाच. माझा हात आपोआप सुटला आणि तिचा हात लोंबत राहिला, बोटं चुकीच्या बाजूला. आरोही दाराच्या चौकटीत उभी होती. ती रडत नव्हती. तिने दोन्ही कान हातांनी झाकले होते.

पिंपरीला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर बाई वयाने लहान होत्या. त्यांनी हात पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुनमला विचारलं, "कसं झालं?"

पुनम म्हणाली, "घरी दरवाज्यात सापडला. वाऱ्याने लागला, लक्ष नव्हतं."

एवढंच. जास्त बोलली नाही.

माझेच शब्द. त्याच क्रमाने, तेवढेच. मी बन्सीकडून दोनदा म्हणून घेतले होते आणि ती लाटणं थांबवून पाठ करत होती. तिला तेव्हाच माहीत होतं की कधीतरी लागणार. डॉक्टर बाईंनी परत विचारलं, "नक्की?" पुनमने मान हलवली. मी तोंड उघडलं नाही. भिंतीला टेकून उभा राहिलो आणि डॉक्टर बाई विश्वास ठेवू देत अशी प्रार्थना केली. हे लिहिताना स्वतःची किळस येते.

आज सकाळी उठलो. पुनम प्लास्टर मांडीवर घेऊन खुर्चीत बसली होती. बोर्डावर चव्वेचाळीस लिहिलेले होते. आरोहीने लिहिले होते. कोणी सांगितलं नव्हतं. सुंदर अक्षरात.

मी तिला विचारलं, "हे का लिहिलंस?"

ती म्हणाली, "तुम्ही रागवू नये म्हणून."

मग बाथरूममध्ये जाऊन दार लावलं आणि नळ सोडून रडलो. बाहेर आलो तेव्हा पुनमने डाव्या हाताने पिशवी भरली होती. सुरजला मीच फोन केला. काय केलं ते सांगितलं. तो म्हणाला, "दाजी, मी येईस्तोवर तुमी घराबाहेर थांबा."

मी खाली पार्किंगमध्ये थांबलो. तो आला आणि कानाखाली अशी वाजवली की दिसेनासं झालं. दुसरीसुद्धा. मी हात खाली ठेवले. अण्णासाहेब गॅलरीतून बघत होते. आरोही रिक्षात बसली तेव्हा तिने मागे पाहिलं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आधी पोलीस चौकीत गेलो. सुरज आणि पुनम काल संध्याकाळीच जाऊन आले होते. मी म्हटलं, ती दरवाजा म्हणाली असेल तर ते खोटं आहे, तिचा हात मी मोडला, असं लिहून घ्या. हवालदार म्हणाला, "त्यांनी काल खरंच सांगितलंय. तुमची सही करा."

मग कंपनीत. अर्जुनरावांना म्हटलं, बन्सीचा अपघात नोंदवा, नाहीतर मी लेखी देतो. त्यांनी दार लावून घेतलं, माझी गचांडी धरली आणि मला फायलींच्या कपाटावर आपटलं. "आत जाशील. पट्टी कोणाच्या खिशातून निघाली?" म्हटलं, माझ्या. तेही लिहा. त्यांनी तोंडात मारली. माझ्या मुठी वळल्या, अगदी दगड झाल्या. दारातून निघेपर्यंत त्या वळलेल्याच होत्या, पण खालीच राहिल्या.

लेखी दिलं. दुपारी गेटवर शून्य लागलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

लाइन लीडर पद काढलं. चौकशी संपेपर्यंत स्टोअरमध्ये बसवलंय. इंदुताई म्हणाल्या, हे तुम्ही कोणासाठी केलंत? म्हटलं, पुनमसाठी. त्या म्हणाल्या, बन्सीसाठी नाही?

बन्सीला भेटायला गेलो. त्याची भरपाईची केस आता नियमाने चालेल, म्हणून तो खूश असेल असं वाटलं. तो दारातच उभा राहिला, या म्हणाला नाही.

"साहेब, लई चांगलं केलं म्हणू का? माझी दोन बोटं मोजायला तुमाला तीन हप्ते लागले."

"बन्सी, माझं चुकलं."

"व्हय." आणि दार लावलं. हळूच लावलं.

९ मार्च, रविवार

तेरा. घरचा बोर्ड आता मीच लिहितो. पाचला उठतो, चालतो. तंबाखूला हात लावलेला नाही. स्वयंपाक जमायला लागलाय, वरण मात्र करपतं. पूर्वी करपलं असतं तर भिंतीवर गेलं असतं. आता खरवडून खातो. तेरा दिवसांत एकदाही आवाज चढला नाही. हे पुनमला कळलं पाहिजे. पाडव्यापर्यंत ती येईल असं मन सांगतं.

१७ मार्च, सोमवार

एकवीस. इंदुताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कोणाबरोबर?" मी म्हटलं, काय कोणाबरोबर? त्यांनी स्वतःच्या वहीचं पान उलटलं.

३० मार्च, रविवार, पाडवा

चौतीस.

सुरजने आरोहीला दहा मिनिटं भेटू द्यायचं कबूल केलं, इमारतीच्या खाली, तो समोर असताना. मी नवा शर्ट घातला, तिच्यासाठी साखरेची गाठी घेतली आणि दिघीला गेलो. पुनम खाली आली नाही. प्लास्टर निघालंय, पण मूठ वळत नाही, असं सुरजने सांगितलं. मी वर खिडक्यांकडे पाहिलं नाही.

आरोही थोडी उंच झाल्यासारखी वाटली. मी खाली बसलो, तिच्या डोळ्यांच्या उंचीला. विचारलं, अभ्यास? म्हणाली, चालू आहे. मग मला राहवलं नाही.

"आरू, बोर्डावर किती झाले माहितीये? चौतीस. एकसुद्धा चुकलेला नाही. आईला सांगशील?"

तिने थोडा विचार केला. चौथीतली मुलं गणिताचं उत्तर तपासतात तसा.

"पण पप्पा, आम्ही तर इथे आहोत."

"हो, म्हणूनच तर..."

"मग लाइन बंद आहे ना. बंद असली की मोजत नाहीत. तुम्हीच सांगितलं होतं."

ती टोचून बोलत नव्हती. मला नियम आठवत नसेल, म्हणून आठवण करून देत होती. मी गाठी पुढे केली. तिने ती डाव्या हाताने घेतली. उजव्या हाताने तिने मामाच्या शर्टाचं टोक घट्ट धरलं होतं, मी आल्यापासून धरलेलं होतं, आणि मला ते तेव्हा दिसलं.

परत येताना कुठे भांडण झालं नाही, आरसा कोणी उडवला नाही. घरी येऊन स्टूल ओढलं आणि चौतीस पुसले. आकडा बदलायचा अधिकार फक्त तिचा, हाही नियम मीच केला होता. म्हणून शून्यसुद्धा लिहिलं नाही. मार्कर बोर्डाच्या कडेला ठेवला, तिचा हात पोचेल तिथे, आणि बोर्ड कोरा ठेवला.